शून्याची ओळ

सोमवार, ३

लॅबच्या वहीत आकड्यांखेरीज काही लिहायचं नाही. अकरा वर्षं तशा वह्या भरल्यावर आज वाटलं, आपली एक वही असावी, जिच्यात एकही आकडा बरोबर नसला तरी कुणी विचारणार नाही.

नदीपलीकडच्या वस्तीत कॉलराचे रोगी वाढलेत. आज आमच्या बाजूलाही लस आली. शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडली होती. माणशी एकच डोस, दुसऱ्यासाठी साठा नाही. भिंगरीने, म्हणजे माझ्या चार वर्षांच्या लेकीने, तिथेच घेतली आणि जीभ बाहेर काढून घरापर्यंत चालत आली. आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे तीन जिने उतरू देत नाहीत. नर्स ओळखीची, म्हणून आईंची कुपी तिने माझ्या हाती दिली आणि त्यांच्या नावाचं कार्डही.

मी घेतली नाही. आईंनी दारातच विचारलं.

"तुझी कुठे?"

"मी दोन आठवड्यांनी घेणार. तोवर माझं रक्त लागतं."

"कुणाला लागतं?"

सांगत बसले. आमच्या प्लेटीत छोटे छोटे खळगे असतात, ओळीने. एकेका ओळीत एकेका माणसाचं सीरम, खळग्यागणिक अधिकाधिक पातळ केलेलं. त्यात जिवंत जंतू सोडायचे. सीरममध्ये ताकद असेल तर जंतू मरतात आणि खळगा निवळ राहतो. नसेल तर जंतू वाढतात आणि खळगा गढूळ होतो. प्रत्येक प्लेटीत एक ओळ अशा माणसाची लावायची, ज्याला ना कधी कॉलरा झाला ना त्याने लस घेतली. ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत गढूळ आली, तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. या गावात बहुतेकांच्या रक्तात कॉलऱ्याची थोडी तरी आठवण निघते. माझ्या रक्तात नव्हती. अकरा वर्षं ती ओळ माझी आहे. आता माझ्या सीरमचा जुना साठा संपत आलाय. सतरा तारखेला नवीन रक्त काढतील, मग मी मोकळी. लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या, सक्ती नाही, दुसरं कुणी शोधू. मीच म्हटलं, थांबते.

आईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे दुसऱ्यांचं नीट मोजता यावं म्हणून तू कोरडी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान."

"दोनच आठवडे, आई."

"पटकीला दाखव तुझं कॅलेंडर."

कुपी सकाळी अनशापोटी घेईन म्हणाल्या. मी फ्रिजमध्ये ठेवली. "उद्यापर्यंत टिकते ना?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

मंगळवार, ४

घसा धरलाय, खोकला सुटलाय. डोळे उघडायच्या आत आई वाटी घेऊन उशाशी. "खोकल्याचं औषध. मधात कालवलंय. नाक दाब आणि गीळ." पांचट, जुन्या नळाच्या पाण्यासारखी चव, मधालाही झाकता न आलेली. वर पेलाभर पाणी दिलं आणि ते संपेपर्यंत उभ्या राहिल्या. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांनी मला हाताने औषध दिल्याचं आठवत नाही. बरं वाटण्याआधी नवलच वाटलं.

त्यांची रिकामी कुपी केराच्या डब्यात दिसली. कार्डावर मी बरोबरची खूण केली. दोघी झाल्या. आता माझी राहिली.

रविवार, ९

दवाखान्याच्या आवारात तंबू टाकलाय. आठवड्यात आमच्याकडे एकशे दहा नमुने. खोकला गेला.

भिंगरीचा बाबा जहाजावरून बोलला, आवाज तुटत होता. "सगळ्यांनी लस घेतली ना?" मी म्हटलं, घेतली. 'सगळ्यांनी' या शब्दात मी मावते की नाही, यावर फोन ठेवल्यावर विचार केला. त्याला समुद्रावर बसून काळजी करायला आणखी एक विषय कशाला.

खरं तर मला भीती भिंगरीची वाटते. पाच वर्षांखालच्या मुलांत ही लस नीट धरत नाही, त्यातून एकच डोस. मोठ्यांच्या शरीरात निदान खांब उभे राहतात. पोरांच्यात नुसती दोरी बांधल्यासारखं. हे मला माहीत आहे, आणि हे माहीत असणं कुणाच्या काही उपयोगाचं नाही. मी फक्त तिचे हात धुते. इतके, की परवा तिने विचारलं, "आई, माझा हात संपणार का?"

सोमवार, १७

आज रक्त काढलं. आमच्या फ्रीझरांच्या खोलीचा राखणदार, ज्याला सगळे गारठा म्हणतात, बाटल्या घेऊन उभा होता. "शून्यबाई, जपून. तुमच्यासारखं काहीच नसलेलं माणूस पुन्हा मिळायचं नाही."

"बायकोसमोर म्हणून दाखव असं."

"तिच्याकडे सगळं आहे. म्हणून तर मी इथे थंडीत बसतो."

मला ते नाव आवडतं, हे इथे कबूल करते. लहानपणी मी चार भावंडांत तिसरी. कुठल्याच गोष्टीत पहिली नाही की शेवटची नाही. इथे माझ्यावाचून प्लेट वाचता येत नाही. घरी सांगितलं तर हसतील, म्हणून सांगत नाही.

उद्या-परवा नवीन साठा तपासायचा, मग लस.

बुधवार, १९

माझ्या ओळीतले पहिले पाच खळगे निवळ आले.

प्लेट हातात धरून खिडकीशी गेले, उजेड बदलून पाहिला. निवळ. जंतू मेलेले. मी ती प्लेट निर्जंतुक करायच्या डब्यात टाकली आणि वहीत लिहिलं, 'गिनिपिगचं सीरम खराब, पुन्हा लावणे.' ते आम्ही प्रत्येक खळग्यात घालतो, त्याच्या मदतीवाचून जंतू मरत नाहीत. गिनिपिगचं सीरम चांगलं होतं. बाकीच्या सगळ्या ओळी जशा यायला हव्यात तशाच होत्या.

अकरा वर्षांत त्या वहीत पहिल्यांदा खोटं लिहिलं.

गुरुवार, २०

तीन प्लेटी लावल्या. नवीन साठ्याशेजारी जुन्यातले उरलेले थेंब. एकाच बाईचं रक्त, दोन ओळी. जुनी ओळ गढूळ, टोकापासून टोकापर्यंत. नवी निवळ, तीनशेवीस पट पातळ करूनही. तिन्ही प्लेटींत तेच.

मॅडमच्या खोलीत गेले. कालच्या प्लेटीचंही सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"लस घेतली नाहीत ना?"

"नाही."

"चुकून? कॅम्पात मदत करताना?"

"मॅडम, चुकून कोण पितं?"

"मग तुम्हाला होऊन गेलाय. लक्षणं न दिसता. असे किती तुम्हीच शोधलेत."

शोधलेत खरे. एका रोग्यामागे घरातले तीन-चार जण असे निघतात, ज्यांच्या पोटात जंतू येऊन गेला आणि त्यांना पत्ताही नाही. पण तेवढ्या दिवसांत त्यांच्या हातून तो दुसऱ्याकडे जातो. ते आकडे मीच वहीत लिहिते.

सहा तारखेला हातमोज्याचं टोक फाटलं होतं. लगेच बदललं, हात धुतले, विसरूनही गेले. सहा तारखेपासून आजवर किती वेळा भिंगरीला भरवलं?

शुक्रवार, २१

शौचाचा नमुना दिला. निकाल रविवारी.

घरी आल्यावर आईंना सांगितलं. भांडं, टॉवेल वेगळा. मी बाहेरच्या खोलीत जेवणार, झोपणार. स्वयंपाकाला आणि पाण्याला हात लावणार नाही. भिंगरी आजीजवळ झोपेल.

आई पोळपाट पुसत होत्या. हात थांबला.

"तुला काहीही झालेलं नाही."

"रक्तात दिसतंय, आई."

"रक्तात काय दिसतं ते दिसू दे. मी सांगते ना, तुला पटकी झालेली नाही."

"तुम्हाला कसं कळणार?"

"एक सांगू का," असं म्हणून त्या पोळपाट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मी मात्र बोलत सुटले होते. म्हटलं, माझी ओळ गेली. महिन्याभराच्या प्लेटी अडकल्या. शून्य माणूस आता कुठून आणायचा? अकरा वर्षांचं सगळं मातीत गेलं. आणि मग मी रडले, त्यांच्यासमोर, बहुतेक पहिल्यांदाच.

"तुम्ही काय सांगत होतात?" मी नंतर विचारलं.

"काही नाही. दूध उतू जातंय बघ."

दूध गॅसवर नव्हतंच. वय झालंय, विसरतात.

शनिवार, २२

पाणी. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रोज सकाळी खालच्या नळावरून मी चार कळशा वर आणते, गाळते, क्लोरिनची गोळी टाकते. आज उठून बघते तर आई कठडा धरून एकेक पायरी चढताहेत. हातात अर्धी भरलेली लहान बादली. पायरीवर बादली ठेवायची, मग पाय, मग पुन्हा बादली.

"आई, गुडघे."

"बसून गंजण्यापेक्षा बरे."

"शेजारच्यांना सांगू या."

"शेजारच्यांना काय सांगणार? सून घरात आहे आणि हात लावत नाही? मी करते. मीच करायला हवं."

गोळी किती वेळ ठेवायची, ते मी दारातूनच सांगितलं. जरा शांत वाटलं. निदान माझे हात पाण्यापासून लांब आहेत.

भिंगरी दारात उभी राहून विचारते, "तू आमची पाहुणी आहेस का?"

रविवार, २३

नमुन्यात जंतू नाही. गारठ्याने कागद हलवत आणून दिला. "घ्या. पोट धुतल्या तांदळासारखं."

म्हटलं, एकदा नाही सापडला म्हणजे नाही असं नसतं. आज नाही, पण गेल्या आठवड्यात असेल.

"शून्यबाई, तुम्हाला चांगली बातमी द्यायला वेगळा माणूस नेमायला हवा. माझ्याच्याने होत नाही."

मॅडमना लॅबमध्ये संसर्ग झाल्याचा अहवाल पाठवायचाय. त्याला पुरावा लागतो, म्हणून दुसरी चाचणी लावतील. जंतू पोटात एक विष सोडतो, त्यानेच सगळं पाणी बाहेर पडतं. ज्याला खरंच लागण झाली, त्याच्या रक्तात जंतूविरुद्ध आणि विषाविरुद्धही काहीतरी तयार होतं. आपल्या लशीत नुसते मेलेले जंतू असतात, विष नसतं. त्यामुळे लस घेतलेल्याच्या रक्तात ते दुसरं नसतं. चाचणीचं सामान गुरुवारपर्यंत येईल.

म्हणजे गुरुवारी माझ्यावर शिक्का बसेल. मग निदान तारखा मोजता येतील.

मंगळवार, २५

चार दिवस झाले, भिंगरीच्या केसांचा वास घेतला नाही. ती आजीजवळ झोपते, आजीच्या हातून जेवते. आज दोघींचं हसणं भिंतीपलीकडून ऐकलं. आई तिला कसलीशी गोष्ट सांगत होत्या, त्यात एक सुसर होती आणि तिला खोकला झालेला. मला हेवा वाटला. ज्या बाईने मला बारा वर्षांत एक गोष्ट सांगितली नाही, तिचा हेवा.

दुपारी आई खालून आल्या त्या घामाने थबथबलेल्या. म्हणाल्या, नळावर उन्हात फार वेळ उभं राहावं लागलं, जीव कासावीस झाला, तिथेच ओंजळभर प्यायले.

मी ओरडले. "कच्चं पाणी? आई, मी रोज काय सांगते?"

"ओंजळभर गं."

"ओंजळभरात कोट्यवधी असतात."

नंतर मला वाईट वाटलं. त्यांनी लस तरी घेतलीय. म्हाताऱ्या माणसांत ती बरी धरते, मुलांपेक्षा खूपच बरी. इतकं ओरडायला नको होतं. भिंगरी तिथलं पीत नाही ना, एवढंच बघायचं.

गुरुवार, २७

हे दवाखान्याच्या आवारात बसून लिहितेय. दुपारचे दोन वाजलेत.

पहाटे न्हाणीघरातून आवाज आला. दार ढकललं. आई भिंतीला टेकून बसलेल्या, सगळं अंग ओलं. "काही नाही, पोट बिघडलं," म्हणाल्या. तासाभरात सहा वेळा. मी बघितलं आणि मला तपासायची गरज पडली नाही. तांदळाच्या धुवणासारखं, पांढुरकं, वास नसलेलं. अकरा वर्षं मी ते बरण्यांत बघतेय.

साखर-मीठ पाजत होते, उलटून पडत होतं. डोळे खोल गेले. आवाज इतका बारीक झाला की कान तोंडाशी न्यावा लागला. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे भिंगरीला सोडलं, त्यांच्या नवऱ्याने आणि मी खुर्चीत बसवून आईंना तीन जिने उतरवलं. वाटेत त्यांनी डोळे मिटलेले होते. मी मोठ्याने त्यांच्याशी बोलत होते, काय बोलत होते माहीत नाही.

तंबूत त्या मधोमध भोक पाडलेल्या खाटा. खाली बादली. बादलीवर रेघा. डॉक्टरांना मनगटाची नाडी लागली नाही. दोन्ही हातांना सलाईन लावलं, पाणी अक्षरशः धारेने सोडलं. माझ्यासमोर, आमच्या लॅबच्या अभ्यासासाठी रोग्यांचं रक्त घेणाऱ्या नर्सने नेहमीसारखं रक्त काढलं, नळीवर नंबर चिकटवला, मला म्हणाली, "तुमच्याकडेच येईल." मी मान हलवली. चारशे सतरा.

"लस?" तिने फॉर्मवर पेन ठेवून विचारलं.

"घेतलीय. चार तारखेला."

"मग बाईंना इतका जोरात कसा झाला?"

मी तिला कारणं सांगितली: एकच डोस, वय, ओंजळभर कच्चं पाणी. शहाण्यासारखी सांगितली. आणि आत एकच गोष्ट घुमत होती. मी आणलं. माझ्या हातून घरात आलं आणि भिंगरीला चुकवून यांना गाठलं. सहा दिवस मी बाहेरच्या खोलीत बसले, पण त्याआधीचे चौदा दिवस?

नाडी लागली, असं आत्ता नर्स सांगून गेली.

शुक्रवार, २८

रात्र निभावली. सकाळपासून बादलीची रेघ सावकाश वर जातेय, कालच्यासारखी धावत नाही. सलाईनच्या आठ बाटल्या गेल्या. आईंनी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, "पोरगी?"

"बरी आहे. शिंपीणबाईंकडे. पोट साफ, काही नाही."

"आणि तू?"

"मला काय होतंय. माझ्यामुळे तुम्हाला झालं."

काही बोलायला त्यांचे ओठ हलले, पण कोरड पडली होती. मी चमच्याने पाजत राहिले. तिसऱ्या चमच्यानंतर म्हणाल्या, "तुझ्यामुळे नाही." मी म्हटलं, बोलू नका. रोग्याने तसं म्हणायचंच असतं.

संध्याकाळी शिंपीणबाईंच्या दाराबाहेरूनच भिंगरीला बघितलं. ती धावत आली, मी दोन पावलं मागे झाले. तिचे पसरलेले हात तसेच राहिले. मग तिने ते हळूच मागे घेऊन फ्रॉकच्या खिशात घातले, जणू त्यासाठीच पुढे केले होते.

शनिवार, २९

सकाळी मॅडमनी बोलावून घेतलं. आईंची चौकशी केली. मग कागद पुढे सरकवला.

"तुमची विषाची चाचणी. काही नाही."

"कमी आहे?"

"कमी नाही. काहीच नाही. जुन्या साठ्याइतकंच. तुम्हाला कॉलरा झालेला नाही."

"मग जंतू कशाने मरतात?"

मॅडमनी चष्मा काढला. "मला एकच कारण माहीत आहे. ते तुम्हालाही माहीत आहे. तुम्हीच म्हणालात, चुकून कोण पितं?"

मला वाटलं नळ्यांची अदलाबदल झाली. गारठ्याशी भांडायला निघाले. तो कालच्या प्लेटी वाचायला माझीच वाट बघत होता. "ओरडा नंतर, आधी या वाचा, चार दिवसांचं काम तुंबलंय." प्लेटीवर नावं नसतात, नुसते नंबर. मी वाचत गेले, तो लिहीत गेला. ऐंशी. एकशेसाठ. वीस. मग एक ओळ आली, पहिल्या खळग्यापासून शेवटपर्यंत गढूळ. अगदी माझ्या जुन्या ओळीसारखी. गारठा हसला. "वा, शून्यबाई, तुमची बदली सापडली. कोण आहे हा पुण्यात्मा?"

मी नंबर बघितला. चारशे सतरा.

रक्त काढण्याच्या तेवीस दिवस आधी लस घेतलेल्या बाईच्या रक्तात काहीच नाही. न घेतलेल्या बाईच्या रक्तात तीनशेवीस. दोघी एका घरात राहतात.

गारठा विचारत राहिला, "लिहू का? काय लिहू?" मी म्हटलं, "शून्य लिही." स्टुलावर बसले. मला झालेला नाही, म्हणजे भिंगरीला माझ्याकडून काही नाही, कधीच नव्हतं. हे आधी सुचायला हवं होतं. आधी सुचलं ते वेगळंच. सहा दिवस मी, जिला काही झालं नसतं, दारात बसून राहिले आणि गोळी किती वेळ ठेवायची ते सांगत राहिले. आणि त्यांना जिना उतरू दिला.

शनिवार, संध्याकाळ

आई उशी घेऊन बसल्या होत्या. सलाईन काढलेलं. पेल्यातलं मीठ-साखरेचं पाणी तोंड वेडंवाकडं करत पीत होत्या.

मी खाटेच्या कडेला बसले.

"आई, तुमच्या कार्डावर खूण मी केली होती."

"दिसली. अक्षर बरंय तुझं."

"आई."

त्यांनी पेला मांडीवर ठेवला. "विचारलं असतं तर घेतली असतीस?"

"नाही."

"मग."

"तुमचं काय, असं नाही वाटलं?"

"मी दिवसभर खाटेवर. तू रोज त्या जंतूंत हात घालणार, त्याच हाताने घरी येणार. कुणाला हवी होती? तू हुशार, तूच सांग."

मला राग आला होता. इथे लिहायला हरकत नाही, खूप राग आला होता. मला न विचारता, झोपेतून उठवून, मधात कालवून, माझ्या रक्तात. मी तेच म्हणाले, आवाज चढवून. शेजारच्या खाटेवरच्या बाईने कूस बदलली.

"हो," आई म्हणाल्या. "चुकलंच ते."

त्या कधी असं म्हणाल्या नव्हत्या.

"पण मग सांगायचं तरी. मी वेगळी बसले तेव्हा. पोरीला लांब ठेवलं तेव्हा."

"सांगणार होते. तू रडलीस. अकरा वर्षं, म्हणालीस. मला कुठे माहीत होतं तुझं त्यात इतकं काही आहे? मला वाटलं होतं, नोकरीत रक्त मागतात, ही देते. साधीभोळी." त्यांनी पेल्याची कड बोटाने पुसली. "म्हटलं, आता सांगितलं तर ही माझ्याशी बोलणार नाही. तू भांडत नाहीस ना, तू बोलणंच सोडतेस. माझा लेक सहा-सहा महिने पाण्यावर. घरात बोलायला तूच."

बारा वर्षं मी समजत होते की आमच्यातली शांतता त्यांची आहे.

मी म्हटलं, "पाणी भरायला नको होतंत."

"तू हात लावेनास. काम माझ्यामुळे वाढलं, ते मी करायचं."

बाहेर कुणीतरी बादल्या धूत होतं. डॉक्टर येऊन नाडी बघून गेले, म्हणाले उद्या घरी. ते गेल्यावर मी म्हटलं, "घरी गेल्यावर पाणी मी भरणार."

"भर. तुला आता काय होतंय."

"तुम्हालाही नाही होणार. मला लस आहे, ती दोन वर्षं टिकली तर टिकली. तुम्हाला प्रत्यक्ष होऊन गेलाय. तो शरीर जास्त वर्षं विसरत नाही."

त्यांनी ते नीट ऐकलं. "तुझ्यापेक्षा जास्त?"

"माझ्यापेक्षा जास्त."

"मग आळीपाळीने भरू," त्या म्हणाल्या, आणि रिकामा पेला माझ्यापुढे धरला.